डबी बंद, पहारा चालू

३ जून, सकाळी

पालिकेच्या जनसंपर्क खात्यातून फोन. आपल्या प्रभागाचा ‘वार्तामित्र’ म्हणून माझी निवड झाली. दर सोमवारी खात्याकडून मेल येणार. पाणी कधी बंद, कचरागाडी कधी, कुठला रस्ता खोदणार, वगैरे. त्यातून एक पान तयार करायचं, छापायचं, आमच्या चढावरच्या वस्तीतल्या प्रत्येक इमारतीच्या बोर्डावर लावायचं. आणि लोकांचं म्हणणं महिनाअखेरीला खात्याला कळवायचं. छपाई त्यांची. मानधन नाही. मोठ्या कामाला मानधन नसतंच.

एकूण अर्ज किती आले होते, असं सहज विचारलं. साहेब म्हणाले, तुमचाच. माझं नाव ऐकून बाकीच्यांनी धीर सोडला असणार.

निवड अपेक्षितच होती. गोडाऊनच्या नोकरीत असताना कंपनीच्या मासिकातलं ‘या महिन्याचे वाढदिवस’ हे सदर मी एकहाती चालवलं. एकही वाढदिवस चुकला नाही. मालकांचा एकदा चुकला, पण ते मोठ्या मनाचे होते. स्वेच्छानिवृत्तीची कल्पनाही त्यांचीच.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. शहर जागं व्हायच्या आत वार्ताहर जागा हवा.

४ जून, ८.४०

उशी बदलायला हवी.

५ जून

पत्रकाचं नाव ठरलं. ‘जागता पहारा’. अंगावर काटा आला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त घेते. नुकतीच येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, नाव छान आहे, पण मी सकाळी सहाला दार ओढून घेते तेव्हा पहारा घोरत असतो. मी दुर्लक्ष केलं. प्रतिभावंताच्या घरी हे असतंच.

(सहाला ती डबी पकडते. चढावर येणारी ही एकच बस. लहान आहे म्हणून सगळे डबी म्हणतात. आईसुद्धा गुडघ्याच्या व्यायामाला डबीनेच जाते. मी कधी बसलेलो नाही. माझी स्कूटर आहे.)

आईलाही सांगितलं. तिने विचारलं, लिहिणार कोण? मी म्हणालो, मी. तिने विचारलं, आणि वाचणार कोण? तिला उत्सुकता आहे.

९ जून, सोमवार

पहिली मेल आली. बातम्या पुष्कळ, पण भाषा अशी की वाचता वाचता घशाला कोरड पडावी. इथेच संपादकाचा कस लागतो. काय घ्यावं हे कोणीही सांगेल. काय वगळावं हे कळायला दृष्टी लागते.

घेतलं: ‘संपादकाच्या लेखणीतून’ (फोटोसह, पाऊण पान). बागेतल्या नव्या बाकांचं उद्घाटन.

वगळलं: घरपट्टीतली सवलत (रुक्ष). डासांची फवारणी (विषय अप्रिय). मार्ग क्रमांक ४७-अ, प्रवासी कमी असल्याने बंद करण्याचा प्रस्ताव, नागरिकांनी आपल्या हरकती महिनाअखेरपर्यंत कळवाव्यात (हा मार्ग कुठला, देव जाणे. शहरात असे ढीगभर आहेत).

पान भरलं. समाधान वाटलं.

११ जून

फोटो काढून घेतला. हनुवटीखाली हात ठेवून. बायको म्हणाली, दात दुखतोय असं वाटतंय. चिंतन करणाऱ्या माणसाचा चेहरा दवाखान्यातल्या लोकांना तसाच दिसतो.

१३ जून

पहिला अंक प्रसिद्ध. स्वतः फिरून बोर्डांवर लावला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्यांच्या हातात मुद्दाम एक प्रत दिली.

संध्याकाळी प्रत परत आली. लाल पेनाने तपासून. दहापैकी चार. शेरा: ‘विषय सोडून लेखन. बातमी कुठे आहे?’

चौकशी केल्यावर कळलं की बाईंनी उभ्या आयुष्यात कोणालाही सहाच्या वर मार्क दिलेले नाहीत. म्हणजे खरं पाहता सहापैकी चार. फर्स्ट क्लास.

१६ जून

दुसरी मेल. गुरुवारी दिवसभर पाणी बंद. ही बातमी घ्यावी लागणार. पण ‘पाणीपुरवठा बंद राहील’ असं कारकूनही लिहितो. मी लिहिलं: ‘गुरुवारी प्रभागातील नळ मौन पाळतील.’

स्वतःच दोनदा वाचलं. डोळे भरून आले.

१९ जून, गुरुवार

पाणी नाही. सकाळपासून दारात माणसं, प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली. तळमजल्यावरचा टेलर अर्ध्या दाढीने वर आला. त्याने अंक वाचला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्याच्या घरचा नळ रात्री खडखड वाजतो. मौन पाळतील म्हणजे आवाज दुरुस्त करणार, असं तो समजला आणि निवांत झोपला.

वाचक अजून प्रतिमांना सरावलेला नाही. पुढच्या वेळी तळटीप देणे.

आमच्याकडे मात्र पाणी होतं. आईने आदल्या दिवशीच भांडी भरून ठेवली होती. तिला डबीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणे. म्हणजे माझा अंक ड्रायव्हरपर्यंत पोचतो.

२३ जून

मेल आली. त्यात पुन्हा तेच, ‘स्मरणपत्र: मार्ग क्रमांक ४७-अ, हरकतींची मुदत संपत आली.’ एकच बातमी दोनदा पाठवतात. शिळी बातमी माझ्या अंकात येणार नाही, हे धोरण आहे. शिवाय या खेपेला माझी कविता आहे.

३० जून

खात्याला मासिक अहवाल पाठवला. ‘नागरिकांचे म्हणणे’ या रकान्यात लिहिलं: ‘काही नाही. सर्व समाधानी.’

(टेलर धरला नाही. एकट्याचं मत म्हणजे जनमत नव्हे.)

७ जुलै, सोमवार, ६.३५

होय, सकाळचे.

बायकोने हलवून उठवलं. सहाला गेलेली बाई परत दारात उभी. म्हणाली, डबी आली नाही. स्टॉपच्या खांबावर कागद आहे, मार्ग क्रमांक ४७-अ आजपासून बंद.

मी विचारलं, मग डबी का नाही आली?

तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, अहो, डबीच ४७-अ. पुढच्या काचेवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

मला ते गाडीचं मॉडेल वाटायचं. दुसऱ्या कोणालाही वाटलं असतं.

स्कूटर काढली. सुरू झाली नाही. चढ उतरताना गिअरमध्ये टाकून सुरू करू म्हटलं, ती चढाच्या पायथ्याशी सुरू झाली. बायको तोपर्यंत चालत तिथे पोचली होती. लॅबला पाऊण तास उशीर. तपासणीसाठी उपाशी आलेले लोक खोळंबले, त्यात एका म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणे.  रस्ताभर तिने माझ्या जाकिटाची पाठ घट्ट धरली होती. प्रेमच ते. नाहीतर वेग.

त्याच दिवशी, दुपारी

रक्त उसळतंय. असा निर्णय होतो आणि नागरिकांना कानोकान खबर नाही? ४७-अ हा आकडा कुठेतरी कानावरून गेल्यासारखा वाटतो, पण आकडे काय, रोजच जातात.

विशेष अंक काढतो. मथळा: ‘बातमी कोणी दडवली?’

८ जुलै

विशेष अंक तुफान गाजला. बोर्डासमोर गर्दी. पहिल्यांदाच लोकांना अंक वाचताना पाहिलं. टेलरने हात हातात घेतला, म्हणाला, आता खरं लिहिलंत. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई म्हणाल्या, हे दडवणारं माणूस कोण आहे ते शोधाच. मी शब्द दिला.

शुक्रवारी खात्यावर शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. नेतृत्व माझं.

संकल्प: डबी परत येईपर्यंत बायकोला रोज पहाटे मी सोडणार.

९ जुलै

गजर वाजला नाही. किंवा वाजला.

बायको चालत गेली.

१० जुलै

आज आईला व्यायामाला नेलं. स्कूटरवर मागे बसवलं, उशी दिली, उशी मागे बांधलीसुद्धा. अर्ध्या उतारावर ती म्हणाली, थांबव. उतरली. म्हणाली, पडायचंच असेल तर मी माझ्या पायाने पडेन. चार पावलं चालली आणि कोणाच्या तरी पायरीवर बसली. तिथून टेलर आणि मी धरून वर आणली. व्यायाम बुडाला.

तिची भीती आधुनिक वाहनांची आहे, माझ्या चालवण्याची नाही. तिने दोन्ही बोलून दाखवल्या, पण पहिलीवर जोर होता.

११ जुलै

शिष्टमंडळ. निघताना पुष्कळ जण होते. बस नसल्यामुळे चालत निघालो आणि प्रत्येक वळणावर कोणाला तरी काम आठवलं. खात्याच्या दारात पोचलो तेव्हा हेडबाई आणि मी.

साहेब तरुण आहेत, नम्र आहेत. मी टेबलावर विशेष अंक ठेवला आणि विचारलं, ही बातमी नागरिकांपासून कोणी दडवली?

साहेबांनी मथळा वाचला. मग कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. म्हणाले, आम्ही सगळ्या वार्तामित्रांना दोनदा मेल केली होती. नदीपलीकडच्या प्रभागाचीही अशीच एक बस बंद होणार होती. तिथल्या वार्तामित्रांनी बातमी पहिल्या पानावर छापली. हरकतींचा पाऊस पडला, त्यांची बस राहिली. तुमच्या प्रभागातून एकही हरकत आली नाही. उलट हा अहवाल आला.

आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. काही नाही. सर्व समाधानी.

माझ्याशेजारच्या खुर्चीतून हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नापास झालेल्या मुलाकडे कसं पाहतात ते मला आता माहीत आहे.

मी म्हणालो, मेल स्पॅममध्ये गेली असेल. साहेब म्हणाले, तुम्ही दोन्ही वेळा ‘पोचली, धन्यवाद, फोटो सोबत जोडला आहे’ असं उत्तर दिलंय.

परतीच्या वाटेवर बाई चढाच्या पायथ्यापर्यंत माझ्या चार पावलं पुढे होत्या. तिथे धाप लागून थांबल्या आणि म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी तीस वर्षं शिकवली, उदाहरण आज मिळालं. मग म्हणाल्या, मी कोणाला सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. आधी घरी.

सांगायचंच आहे. योग्य वेळ पाहून.

१२ जुलै

बायको दमून आली. आज नको.

१३ जुलै

रविवार. सुट्टीच्या दिवशी जड विषय काढू नये.

१४ जुलै

गजर वाजला, उठलो, खाली गेलो, तर स्कूटर पंक्चर. अशा दिवशी बोलणं बरं नव्हे.

१५ जुलै

बायकोला लॅबकडून पत्र मिळालं. वारंवार उशीर होतो म्हणून एक तारखेपासून रात्रपाळी. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. रात्रपाळी तिने आमचा मुलगा (आता परगावी असतो) लहान असताना पाच वर्षं केली होती. तेव्हा डोळ्यांखाली जे काळं आलं ते पुढे कधी गेलंच नाही. लॅबवाल्यांना काळीज नाही.

तिने विचारलं, खात्यात काय झालं ते तुम्ही अजून नीट सांगितलं नाहीत. बातमी दडवली कोणी ते कळलं का?

मी म्हणालो, तपास चालू आहे.

१६ जुलै

उपाय सुचला. चूक झाली तर वर्तमानपत्रं काय करतात? शुद्धिपत्र छापतात. शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात. कायद्याने पाहता सांगितलं असं होतं, आणि कोणाच्या डोळ्यांत खुपतही नाही.

मजकूर: ‘शुद्धिपत्र. जूनच्या अंकांत स्थलाभावी मार्ग ४७-अ विषयक एका सूचनेस मौन पाळावे लागले. संपादक दिलगीर आहेत.’

कोणाच्या लक्षात येणार नाही. माझा अंक शेवटपर्यंत कोण वाचतं?

१८ जुलै

विशेष अंकापासून सगळेच वाचतात. अगदी शेवटपर्यंत.

‘मौन’ या शब्दाचा अर्थ टेलरला या खेपेला पहिल्या फटक्यात कळला. त्याने बोर्डाशी उभं राहून नर्सबाईंना समजावून सांगितला, आणि त्या वेळी पहाटे चढ उतरायला निघालेली माझी बायको तिथे उभी होती.

मी झोपलो होतो. हे सगळं आईकडून कळलं. तिला कोणी सांगितलं ते माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. मग म्हणाली, नाही रे, तू झोपाही केला नाहीस. नुसता झोपलास.

२० जुलै

घरात शांतता आहे. बायको दोन दिवस बोललेली नाही. जेवण टेबलावर असतं, चहा असतो, शब्द नसतो. लेखनाला पोषक वातावरण. अजून काही लिहिलेलं नाही.

बोर्डावरच्या अंकाखाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, ‘पहारेकरी झोपला’. अक्षर सुंदर आहे. हेडबाईंचं नसावं. त्या लाल वापरतात.

२१ जुलै

आमच्या हॉलमध्ये सभा. मी बोलावलेली नाही. बायकोने आणि हेडबाईंनी बोलावली. नर्सबाई, टेलर, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया, आणि डबीचा ड्रायव्हरसुद्धा आला होता. त्याला आता दुसऱ्या मार्गावर टाकलंय. तिथे कोणी नावाने हाक मारत नाही म्हणाला.

ठरलं असं: परिवहन समितीची जाहीर बैठक सोमवारी आहे. तिथे सगळ्यांनी जायचं. डबी सकाळी कोणाला कुठे नेते ते ज्याचं त्याने सांगायचं.

मी दोनदा हात वर केला. दुसऱ्या वेळी बायको माझ्याशी बोलली. म्हणाली, चहा करा.

म्हणजे यजमानपद माझ्याकडे. आणि बोलणं सुरू झालं.

२४ जुलै

आई खिडकीत बसून असते. व्यायाम बंद झाल्यापासून गुडघा आखडलाय. तिची एक मैत्रीण होती, व्यायामाच्या ठिकाणी भेटायची, दोघी परत येताना डबीत शेजारी बसायच्या. तिचं नाव काय, विचारलं. म्हणाली, नाव कधी विचारलंच नाही, रोज भेटायचीच की.

सहाच्या सुमारास डबीचा हॉर्न ऐकू येतो म्हणते. येत नाही. मी आज मुद्दाम उठून तपासलं. सहाला चढावर काहीही ऐकू येत नाही. बायकोच्या चपलांचा आवाज तेवढा येतो. तो बराच वेळ येत राहतो.

संध्याकाळी आईचा गुडघा तेल लावून चोळला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, दुखतो तो उजवा. मी डावा चोळत होतो. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, तू मन लावून करत होतास. असं कधी होतं?

२५ जुलै

समितीसाठी भाषण लिहायला घेतलं. ‘चाकाचा शोध आणि मानवी संस्कृती’ इथपासून सुरुवात. सोमवारी मीच परिस्थिती सावरणार. हे सगळ्यांना आत्ता माहीत नाही, ते बरंच आहे.

२७ जुलै

भाषण लिहून झालं. आरशासमोर म्हणून पाहिलं. मध्यावर आलो तेव्हा बाहेर दिवस मावळला होता. एक शब्दही गाळता येणार नाही.

२८ जुलै

समितीची बैठक. मोठा हॉल, पंखे संथ, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या. एक जण हलला की ओळ हलते. चढावरची झाडून सगळी माणसं आली होती. चालत. आई घरी.

माझं नाव पहिलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, प्रत्येकी दोन मिनिटं. मी माझा परिचय करून दिला. गोडाऊन, मासिक, वाढदिवसांचं सदर, ‘जागता पहारा’. वाढदिवसांवर होतो तेव्हा घंटा वाजली. चाकाचा शोध लागायचा राहून गेला.

नंतर बायको उठली. तिच्या हातात कागद नव्हता. म्हणाली, मी लॅबमध्ये रक्त घेते. लोक रात्रीपासून उपाशी राहून सकाळी रांगेत येतात, त्यात म्हातारे असतात, साखरेचे पेशंट असतात. मी वेळेवर पोचले नाही तर ते उपाशीच बसून राहतात. तुम्ही म्हणता डबीत सकाळी सहाला आम्ही थोडीच माणसं असतो. खरं आहे. पण त्या थोड्यांची वाट बघत दुसरीकडे खूप माणसं बसलेली असतात.

आणि बसली. घंटा वाजायला बराच वेळ होता.

 समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढला. त्यांची साखर तपासायची राहिली असेल. पुढे नर्सबाई बोलल्या, आया बोलल्या. टेलर बोलायला उठला आणि पाण्याबद्दल बोलला, पण मनापासून बोलला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, मग हरकती वेळेत का आल्या नाहीत? सगळ्या खुर्च्या एकदम हलल्या. लोक माझ्याकडे वळत होते. बायको पुन्हा उठली आणि म्हणाली, आम्हाला उशिरा कळलं. एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

परत येताना मी तिला म्हणालो, माझ्या प्रस्तावनेमुळे वातावरण तयार झालं. तिने चालण्याचा वेग वाढवला. मीही वाढवणार होतो, पण चढ होता.

३१ जुलै

डबी परत. सकाळच्या आणि दुपारच्या फेऱ्या, सध्या प्रायोगिक तत्त्वावर. प्रवासी किती येतात ते बघून पुढचं ठरवणार. सोमवारपासून सुरू. ड्रायव्हर तोच. लॅबने रात्रपाळी तूर्त थांबवली.

खाली गेलो तर लोक एकमेकांना सांगत होते. मला कोणी काही सांगितलं नाही. मला आधीच कळलेलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. मला ते टेलरच्या कापडं कापण्याच्या टेबलाजवळ उभं असताना कळलं.

१ ऑगस्ट

जनसंपर्क साहेबांचा फोन. माझ्या कामाचा ताण त्यांच्या लक्षात आलाय. वार्तामित्राचं काम यापुढे हेडबाई पाहतील. मला मार्गदर्शक म्हणून राहता येईल का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, त्याची पद्धत नाही.

२ ऑगस्ट

हेडबाईंनी पहिला अंक लावला. अंक कसला. खात्याची मेल जशीच्या तशी, मोठ्या टाइपात. वर नाव नाही, फोटो नाही. कुठे पाणी बंद, कुठे फवारणी, घरपट्टीची शेवटची तारीख. शैलीचा लवलेश नाही.

लोक थांबून वाचतात आणि फोनमध्ये फोटो काढून नेतात. अभिरुचीचा प्रश्न आहे.

मी मात्र अखेरचा, निरोपाचा अंक स्वखर्चाने काढतो आहे. ‘डबी कशी परत आणली: एका संपादकाचं मनोगत’. सोमवारी पहिल्या फेरीत प्रवाशांना वाटणार. डबीत मी पहिल्यांदाच बसणार, याचीही इतिहासात नोंद होईल.

४ ऑगस्ट, सोमवार

पाचला उठलो. खरोखर. उशी तीच.

प्रवासी भरपूर दिसावेत म्हणून हेडबाईंनी सगळ्यांना पहिल्या फेरीला बोलावलं होतं. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं तेही आले. आईचा व्यायाम नऊला, पण पहिल्या फेरीला जायचंच म्हणाली. टेलर आणि मी तिला धरून स्टॉपवर आणली. या खेपेला उजवी बाजू मी जपून धरली.

डबी चढ चढून वर आली. आत सगळ्यांनी आपापल्या जागा घेतल्या. प्रत्येकाची ठरलेली जागा असते, हे मला माहीत नव्हतं. बायको खिडकीपाशी, शेजारच्या सीटवर तिची बॅग. आई पुढच्या बाकावर, रस्त्यात चढणाऱ्या मैत्रिणीसाठी हात पसरून जागा धरलेली. मी ड्रायव्हरजवळ उभा राहिलो, तोंड लोकांकडे, बगलेत अंकांचा गठ्ठा. घसा साफ केला.

ड्रायव्हर म्हणाला, तिकीट.

मी म्हणालो, मी संपादक. तो म्हणाला, कुठपर्यंतचे?

खिसे तपासले. अंकच अंक. पाकीट घरी. बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, बाहेर काहीच नव्हतं. बस थांबलेली. मागून कोणीतरी म्हणालं, उशीर होतोय.

तेव्हा आईने कमरेची पिशवी उघडली आणि ड्रायव्हरला विचारलं, याचं अर्धं चालेल का?

ड्रायव्हर म्हणाला, अर्धं बारा वर्षांपर्यंतच. आई म्हणाली, वय बघू नका, वागणं बघा.

सगळी डबी हसली. हेडबाईसुद्धा. दहापैकी दहा दिल्यासारख्या. बायको अजून बाहेरच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. आईने पूर्ण तिकीट काढलं, आणि जास्त पडलं म्हणाली.

बस निघाली. पहिल्या वळणावर गठ्ठा सुटला, अंक सगळ्या बसभर झाले. ते गोळा करत वाकून मागे आलो, तर बायकोने शेजारच्या सीटवरची बॅग उचलली आणि मांडीवर घेतली. माझ्याकडे न बघता. महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्यासाठी जागा.

मी सरळ उभा राहिलो, केस नीट केले, काय बोलावं याची दोन वाक्यं मनात जुळवली.

तेवढ्यात टेलर बसला.